विनू, त्या पेशींना जागं व्हायचं होतं

विनू,

तुझी तेरवी झाल्यावर मी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेलो होतो. तुझ्या सुषमाला घरी लागणारं थोडं कापड हवं होतं. आपल्या नेहमीच्या दुकानदारानं मला पाहिलं, गल्ल्यावरून उठून बाहेर आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "भाईसाहब, भाई भी गया और आपकी किडनी भी गई. सब बेकार हो गया."

माणूस वाईट नाही. आपल्या दोघांच्या शाळेच्या चड्ड्यांचं कापड त्याच्या वडिलांनीच फाडून दिलेलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी हात सोडवून घेतले आणि कापड न घेताच घरी परतायला खमरियाच्या बसमध्ये येऊन बसलो. तिथे मला रडू आवरेना. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरीनं काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. "लीजिए अंकल जी."

बेकार म्हणजे काय, विनू? वाया गेलं असं त्याला म्हणायचं होतं. मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही, कारण उत्तर देणारा आपल्या घरात तू होतास. मी फॅक्टरीत मशीनवरचा माणूस. शरीरात काय चालतं यातलं जे काही मला कळतं ते तू शिकवलेलं. आणि आता वाटतं, नसतं शिकवलंस तर बरं झालं असतं.

नागपूरच्या त्या दवाखान्यातला बाक आठवतो? तपासण्या संपल्या होत्या, माझी किडनी तुला चालेल असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं आणि तू मात्र नको म्हणून अडून बसला होतास. डायलिसिसनं तुझा चेहरा राखेसारखा झालेला. हातात पाण्याचा कागदी कप, त्यातले दोनच घोट घ्यायची तुला परवानगी होती.

"काहून नको?" मी विचारलं.

"दादा, माझं शरीर तिले खाऊन टाकीन."

"खाऊन टाकीन म्हणजे? वाघ आहे का तू?"

तू हसलास. मग तुझ्यातला मास्तर जागा झाला. मझौलीच्या शाळेत तू अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचास; शेतातून थेट वर्गात येणारी तिथली पोरंसुद्धा तुझ्या तासाला खिडकीबाहेर बघत नाहीत असं ऐकलं होतं. त्या बाकावर तू मला त्या पोरांसारखंच शिकवलंस.

"तू फॅक्टरीच्या गेटवर पास दाखवतो ना रोज? तसं शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत काय बनून राहिलं त्याचे बारके तुकडे बाहेर टांगून ठेवते. किलर सेल, म्हणजे मारेकरी पेशी, येते, तुकडे पाहते, पुढे जाते. तुकडा परका दिसला, विषाणूचा दिसला का, थांबते."

"मग?"

"मग चिकटते." तू आपला तळवा माझ्या तळव्यावर दाबलास. "अशी. मधून वारा जाणार नाही अशी. तिच्या पोटात पुड्या असतात, त्या साऱ्या या बाजूले सरकतात आणि इथंच उघडतात. त्यातलं एक प्रथिन समोरच्या पेशीले भोकं पाडते. दुसरं त्यातून आत जाते आणि सांगते, चल, आता आवरून घे. अन् ती पेशी स्वतःच स्वतःले मोडत जाते. सांडलवंड नाही, शेजारणीले धक्का नाही. मारणारी सुटते अन् पुढच्या पेशीकडे जाते."

मी हात काढून घेतला. "अन् हे तुझ्या अंगात आहे?"

"तुझ्याही आहे. आता, या घडीले चालू आहे."

"मग आपण जिवंत कसे?"

या प्रश्नावर तू खूश झालास. तुझा चेहरा थोडा उजळला. तू म्हणालास, त्यांना शिकवून पाठवतात. लहानपणी छातीच्या हाडामागे त्यांची शाळा भरते. जी पेशी आपल्याच माणसांवर धावून जाते तिला शाळेतून बाहेर पडू देत नाहीत, बहुतेक तिथंच संपवतात. बाहेर आल्यावरही नुसता परका तुकडा दिसला म्हणून पहिल्यांदा ती उठत नाही. दुसरीकडून खूण लागते, हो, खरंच संकट आहे म्हणून. "तुमच्या फॅक्टरीतल्या बॉम्बच्या फ्यूजसारखं, दादा. एकाच अटीवर उडत नाही." वर तिच्या अंगाला ब्रेकही असतात. आणि काम झालं की त्यातल्या बहुतेक मरून जातात. थोड्या उरतात, आठवण ठेवायला.

"पण तुझी किडनी त्यांनी शाळेत पाहिलीच नाही," तू म्हणालास. "त्यांच्यासाठी ती परकीच. भाऊबिऊ त्यांले समजत नाही. जन्मभर गोळी खाऊन त्यांले झोपवून ठेवावं लागीन."

"मग खाशील गोळी. त्यात काय."

"अन् तुले एकाच किडनीवर राहावं लागीन."

"मी मोठा आहे का तू?"

लहानपणापासून आपले सगळे वाद या वाक्यावर संपायचे. तोही संपला. तू खाली मान घालून त्या कपाकडे बघत राहिलास.

त्यानंतरची वर्षं मी मोजत नाही, पण ती होती, विनू. दुकानदाराला मी हे सांगायला हवं होतं. तू पुन्हा मझौलीच्या बसमध्ये बसलास. पोटभर पाणी प्यायलास. पहिल्यांदा मोठा ग्लास भरून प्यायलास तेव्हा सुषमा समोर उभी राहून बघत होती, जणू तू काही पराक्रम करतो आहेस. तुझी मिनू तुझ्या डोळ्यांसमोर फ्रॉकमधून सलवार-कुडत्यात आली. मला तू उगाच फोन करायचास. "दादा, ही तुझी किडनी मले सकाळी पाचले उठवते. तुझ्यासारखीच खडूस आहे." मी म्हणायचो, नीट वाग तिच्याशी. आणि तू वागायचास. गोळीची वेळ तू कधी चुकवली नाहीस. लग्नात पंगतीला बसलास तरी मध्येच उठून गोळी घ्यायचास. गर्दीत तोंडाला रुमाल, बाहेरचं पाणी नाही, कोणाला सर्दी दिसली की चार हात लांब. लोक तुला नखरेल म्हणायचे. तू म्हणायचास, पहारेकरी झोपवले आहेत, मग दार आपणच सांभाळायचं.

मग मानेला गाठी आल्या.

आधी एक, दाढी करताना हाताला लागलेली. मग काखेत. संध्याकाळी ताप. शर्ट सैल झाला. नागपूरला गाठीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरबाईंनी आपल्या तिघांना, तुला, मला आणि सुषमाला, समोर बसवलं. एक विषाणू असतो, त्या म्हणाल्या, बहुतेक सगळ्यांना कधीतरी होऊन जातो आणि मग आयुष्यभर रक्तातल्या काही पेशींत दडून राहतो. मारेकरी पेशी पहारा देतात म्हणून डोकं वर काढत नाही. इथे पहारा आपणच गोळीनं झोपवलेला. विषाणू दडलेल्या त्या पेशी वाढत सुटल्या आणि त्यांच्या गाठी झाल्या. कर्करोगच हा.

"उपाय?" मी विचारलं.

"इंजेक्शनं आहेत, ती देऊच. पण पहिला उपाय म्हणजे गोळी कमी करत जायची. त्यांच्या मारेकरी पेशींना जागं होऊ द्यायचं. त्या या गाठी खाऊ शकतात." बाईंनी रिपोर्ट बाजूला सारला. "पण जागं झाल्यावर त्यांना किडनीही दिसेल. एक मारा आणि दुसरी सोडा, असं त्यांना आपण सांगू शकत नाही."

"जाऊ द्या किडनी," मी लगेच म्हणालो. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. "डायलिसिस आहे ना. माणूस राहिला पाहिजे."

सुषमानं मान डोलावली. तू टेबलावरचा रिपोर्ट उचलून घडी घालू लागलास.

परत येताना शिवनीच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. सुषमा आत बसून होती. तू रस्त्याच्या कडेला उभा राहून म्हणालास, "दादा, तू किती सहज म्हणून गेला, जाऊ द्या."

"मग काय म्हणू?"

"तुले पोटावर हातभर कापलं होतं. तू सहा महिने वाकून चालत होता."

"सहा महिने नाही. उगाच वाढवू नको."

"मी पाहिलं आहे, दादा."

"अरे, दिली ती दिली. देव्हाऱ्यात बसवायले नाही दिली. तू जगावा म्हणून दिली. तिच्यानं नसन होत तं दुसरं पाहू."

तू म्हणालास, "चलो, चहा थंड होऊन राहिला." तुला हरायचं नसलं की तू विषय असाच सोडायचास. मला वाटलं, पटलं तुला.

त्यानंतरच्या तपासण्यांत किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन अगदी छान, कमी यायचं. आठवतं तुला, मी किती नाचलो? फॅक्टरीत पेढे नेले मी. गोळी कमी करूनही किडनी टिकली, माझी किडनी पक्की, म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो. गाठी मात्र तशाच होत्या. इंजेक्शनं होऊनही तशाच. बाई म्हणाल्या, रक्तात गोळीचं प्रमाण अजून जास्त दिसतं, काहींचं तसं होतं, आणखी कमी करू. तू मान डोलावलीस.

मग त्या दुपारी मी तुझ्या स्कूटरची किल्ली द्यायला रांझीला तुझ्या घरी आलो. सुषमा ऑफिसात, मिनू शाळेत. दार नुसतं लोटलेलं होतं. तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतास. एका हातात ग्लास, दुसऱ्या तळव्यावर ती कॅप्सूल. मला ती ओळखू येत होती, इतकी वर्षं बघितलेली. तिची वेळ ती नव्हती.

तू लपवली नाहीस. माझ्यासमोर तोंडात टाकलीस, पाणी प्यायलास आणि म्हणालास, "बस, दादा."

"काय करून राहिला तू?"

"बस तं खरं."

"पहिल्यापासून पूर्ण गोळी खाऊन राहिला का? कमी केलीच नाही?"

तू हो म्हणालास.

मी काय काय बोललो ते मला सगळं आठवत नाही. आवाज चढला होता. शेजारच्या बाई अंगणातून डोकावून गेल्या. तू मला बोलू दिलंस. मग म्हणालास, "दादा, मी त्यांले ओळखतो. एकदा उठल्या का त्या थांबणार नाहीत. तुझी किडनी माझ्या अंगात माझ्याच पेशी मारतीन अन् मी पडून पाहत राहू?"

"मी सांगून राहिलो ना, मरू दे तिले!"

"तुझी आहे म्हणून तू म्हणू शकतो. माझ्याच्यानं नाही होत."

मी खुर्चीत बसलो. तू माझ्यासमोर खाली फरशीवर बसलास, लहानपणी बसायचास तसा, गुडघे छातीशी घेऊन. माझ्याकडे न बघता म्हणालास, "अन् मले त्या डायलिसिसच्या खुर्चीत परत नाही बसायचं, दादा. नाही बसू शकत मी. तू बाहेर बसायचा. आत काय होते ते तुले माहीत नाही."

विनू, मी अजून त्या वाक्यापाशीच अडकलो आहे. तू ती गोळी माझ्यासाठी खात होतास की त्या खुर्चीच्या भीतीनं? तेव्हा विचारायला हवं होतं. माझ्यासाठी असेल तर ते ओझं मी कुठे ठेवू? आणि भीतीनं असेल तर मग तू एकटाच भीत बसला होतास, इतके दिवस, आम्ही पेढे वाटत असताना. दोन्हींतलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. दोन्ही खरं असेल. तू असतास तर म्हणाला असतास, दादा, प्रत्येक गोष्ट फॅक्टरीसारखी नापू-मोजू नको.

मी सुषमाला सांगितलं. तिनं डॉक्टरबाईंना फोन केला. तुला राग आला, तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पण नागपूरला भरती झालास. गोळी पूर्ण बंद झाली.

आणि त्या उठल्या.

पोटात उजवीकडे खाली, जिथे माझी किडनी बसवली होती, तिथे सूज आली. तू माझा हात धरून तिथे ठेवलास. गरम लागत होतं, टणक. लघवी कमी कमी होत गेली. क्रिएटिनिन रोज वर. बाकीच्या नातेवाइकांना फक्त कागदावरचे आकडे दिसत असतील. मला तू आधीच सगळं दाखवून ठेवलं होतंस. मला तिथे हात ठेवला की तो तळव्यावर दाबलेला तुझा तळवा जाणवायचा. पुड्या सरकत असतील, भोकं पडत असतील, एक झाली की पुढची. माझ्या किडनीची एकेक पेशी निमूटपणे स्वतःला मोडत असेल. मी तुझा मोठा भाऊ, पलंगाच्या कडेला बसलेलो, आणि मला एकाही पेशीला थांब म्हणता येत नव्हतं. डॉक्टरबाईंनाही नाही. पुन्हा गोळी दिली असती तर त्या थांबल्या असत्या, पण मग गाठींसमोरही थांबल्या असत्या. आपण ज्यांना उठवलं त्या आपलं काम चोख करत होत्या. कोणावर ओरडायचं?

तू मात्र एका सकाळी हाक मारलीस. "दादा, इकडे हात दे." मानेवर ठेवलास. "पाह्य. नरम आली."

खरंच नरम आली होती. लहानही झाली होती. तू इतका खूश झालास की मला कळेना, हसावं की काय करावं. नाकात नळी, सुजलेले पाय, आणि तू पहिल्या नंबराच्या पोराबद्दल सांगावं तसा सांगत होतास. "ओळखलं त्यांनी, दादा. इतके दिवस झोपवून ठेवल्या, तरी विसरल्या नव्हत्या. कशा हुशार आहेत पाह्य ना."

"अन् माझी किडनी?"

तू माझा हात मानेवरून खाली घेतलास. "तिलेही ओळखलं," म्हणालास. मग, "माफ कर."

मी म्हणालो, "चूप बस."

हेच माझं तुझ्याशी शेवटचं नीट बोलणं. चूप बस. त्याच्यामागे बरंच काही होतं, ते तुला कळलं असेल असं मी धरून चाललो आहे. तू डायलिसिसच्या खुर्चीतही बसलास पुन्हा. मी या वेळी भांडून आत आलो, तुझा पंजा हातात धरून बसलो. तू डोळे मिटून घेतले होतेस. आत काय होते ते थोडंसं मला दिसलं. तू बरोबर म्हणत होतास.

मग छातीत संसर्ग झाला. औषधांनी, इंजेक्शनांनी शरीर इतकं थकलं होतं की साध्या जंतूशी लढायलाही कोणी उरलं नव्हतं. सुषमानं विचारलं, गोळी आधीच बंद केली असती तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, "कदाचित. कदाचित नाहीही. मी खोटं सांगणार नाही, मला माहीत नाही." त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. बाईंचा मला राग करता आला नाही. मला तुझाही राग करता येत नाही, आणि करावासा खूप वाटतो.

तू गेलास तेव्हा ऊन होतं. आणलं तुला घरी, आणि ग्वारीघाटाला नेलं. मिनूनं अग्नी दिला. मी तिचं मनगट धरून होतो. तुझा श्वास थांबल्यावर त्या पेशी लगेच थांबल्या नसतील, असं मला तिथे वाटून गेलं. थोडा वेळ तरी चालू असतील त्या, उरलीसुरली किडनी मारत, उरलीसुरली गाठ मारत. त्यांना कोण सांगणार, की आता ज्याच्यासाठी करता आहात तोच नाही. नर्मदेच्या काठी त्या दिवशी माझ्याही शरीराचा एक भाग जळला, विनू. लोक माझ्याकडे कीव करून बघत होते. मला मात्र एकच वाटत होतं, तो भाग तुझ्याबरोबर गेला, तू अगदी एकटा गेला नाहीस.

सुषमा ऑफिसला जाऊ लागली आहे. डबा दोघींचाच भरते. मी संध्याकाळी रांझीला जाऊन बसतो.

काल मिनू पुस्तक घेऊन माझ्या शेजारी बसली. तिचा मारेकरी पेशींचा तोच धडा चालू आहे. मराठी तिला सगळी कळते, बोलताना हिंदीत जाते, तुला माहीत आहे. म्हणाली, "मोठेबाबा, पापा ने आपको ये समझाया था ना? मला पण सांगा."

मी सांगितलं. जमेल तसं. गेटवरचा पास, तळव्यावर तळवा, पुड्या, भोकं. ती लक्ष देऊन ऐकत होती, तुझ्यासारखीच भुवई वर करून. मी म्हणालो, मग ती पेशी स्वतःच स्वतःला आवरून घेते. सांडलवंड नाही.

तिनं विचारलं, "मोठेबाबा, उस सेल को पता चलता है क्या? की आपण मरून राहिलो?"

मला काय माहीत. मी विचार करू लागलो, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "थांब, पापाले विचारून सांगतो."

बोललो आणि तसाच बसून राहिलो. मिनूनं पुस्तक मिटलं नाही. पानावर बोट ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि अगदी हळू म्हणाली,

"पूछो ना, मोठेबाबा."